गॅल्व्हस्टनची जुनी घरं आणि बागा: पहिल्यांदा पाहायला जाणाऱ्यांसाठी

ह्यूस्टनच्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा आले की गॅल्व्हस्टनची एक चक्कर ठरलेलीच असते. आय-४५ महामार्ग धरायचा, दक्षिणेला साधारण ८० किलोमीटर जायचं, समुद्राच्या भिंतीजवळ गाडी लावायची, पाण्यात पाय बुडवायचे, काहीतरी खायचं आणि अंधार पडायच्या आत परत फिरायचं. या सगळ्यात ब्रॉडवे रस्त्यावरची मोठमोठी जुनी घरं गाडीच्या काचेतून दिसतात आणि मागे पडतात. त्या घरांसाठी वेगळा दिवस काढा, असं मी प्रत्येकाला सांगते. टेक्सासमध्ये वादळाने मोडलेलं आणि माणसांनी पुन्हा पुन्हा उभं केलेलं शहर इतक्या जवळून दुसरीकडे क्वचितच बघायला मिळेल.

जाण्याआधी एकच गोष्ट डोक्यात ठेवा: इथलं घर वरून खाली नव्हे, खालून वर पाहायचं. आधी जोतं, मग पायऱ्या, मग कुंपण, मग भिंत. नक्षी आणि मनोरे शेवटी. पायथा पाहिलात तर बाकीचं घर आपोआप कळतं.

१. घरून निघण्याआधी दोन वादळं समजून घ्या

पहिलं ८ सप्टेंबर १९०० चं. तेव्हा बेटावर वसलेलं हे शहर टेक्सासमधलं अत्यंत श्रीमंत बंदर होतं, कापसाच्या व्यापारावर उभं राहिलेलं. बेटावरची सगळ्यात उंच जागासुद्धा समुद्रसपाटीपासून नऊ फुटांच्या आत होती आणि त्या रात्री पाणी पंधरा फुटांच्या वर चढलं. शहरातली किमान ६,००० माणसं गेली. अनेक अंदाज ८,००० च्या घरात जातात. साधारण ३,६०० घरं नाहीशी झाली. अमेरिकेच्या इतिहासात एवढे बळी घेणारी नैसर्गिक आपत्ती दुसरी झालेली नाही.

त्यानंतर शहराने दोन कामं केली. १९०२ ते १९०४ मध्ये समुद्राच्या बाजूने १७ फूट उंचीची काँक्रीटची भिंत बांधली. तीन मैलांहून थोडी लांब असलेली ती भिंत पुढे वाढवत वाढवत दहा मैलांवर नेली. दुसरं काम मला भिंतीपेक्षा मोठं वाटतं: अख्ख्या शहराची जमीनच उंच केली. पाण्यात कालवलेली वाळू पाइपांतून आणून वस्तीखाली भरली. त्याआधी दोन हजारांहून अधिक इमारती स्क्रू-जॅकवर उचलून धरल्या. सेंट पॅट्रिक चर्च तर तीन हजार टनांचं. ते सातशे जॅक लावून पाच फूट वर घेतलं. खाली भर घालण्याचा खर्च सार्वजनिक पैशातून झाला, पण आपलं घर उचलायचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा होता. कित्येक वर्षं माणसं चिखलावर टाकलेल्या लाकडी फळ्यांवरून शाळेत, दुकानात आणि चर्चमध्ये जात होती. भर समुद्राकडे सगळ्यात जास्त घातली आणि मागे खाडीकडे जमीन उतरती ठेवली. हा उतार लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरं वादळ आयक, १३ सप्टेंबर २००८ चं. ते पहाटे गॅल्व्हस्टनवर आलं. समुद्राची भिंत टिकली, पण पाणी मागच्या बाजूने, खाडीतून शिरलं. ज्या बाजूला जमीन उतरती होती, तीच बाजू बुडाली. जुनी बाजारपेठ असलेला स्ट्रँड रस्ता खाडीकडेच आहे, म्हणून तिथे सगळ्यात वाईट अवस्था झाली. खारं पाणी मातीत मुरल्यामुळे पुढच्या वर्षभरात बेटावरची सुमारे ४०,००० झाडं मेली.

यानंतरही वादळं येतच राहिली. जुलै २०२४ मधलं बेरिल ह्यूस्टनच्या लोकांना विसरणं शक्य नाही. दिवसेंदिवस वीज नव्हती. म्हणजे तुम्ही कधीही गेलात तरी या शहरात कुठेतरी काहीतरी दुरुस्त होत असणार. एखाद्या छपरावर निळी ताडपत्री दिसेल, एखादं घर ठोकळ्यांवर उचलून ठेवलेलं असेल. ते पाहायला थांबा. सहलीचा तोही भाग आहे.

२. दिवस निवडा

लोकांची राहती घरं आतून पाहायची असतील तर मे महिना. गॅल्व्हस्टन हिस्टॉरिकल फाउंडेशन ही संस्था दर वर्षी मे महिन्यात शनिवार-रविवारी हिस्टॉरिक होम्स टूर भरवते. एरवी बंद असलेली खासगी घरं त्या दिवसांत तिकीट काढून पाहता येतात. दर वर्षी घरं वेगळी असतात, त्यामुळे एकदा जाऊन काम संपत नाही. नक्की तारखा आणि घरांची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर येते. तिकीट आधीच काढलेलं बरं.

मे चुकला तरी हरकत नाही. संग्रहालयं झालेली मोठी घरं वर्षभर उघडी असतात आणि रस्त्यावरून घरं पाहायला तिकीट लागत नाही. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो, त्यातही ऑगस्ट-सप्टेंबर जास्त धोक्याचे. त्या काळात हॉटेलचं आरक्षण करताना रद्द करता येईल असंच करा. ऑक्टोबरच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत चालायला हवा छान असते. जुलैच्या दुपारी आई-बाबांना घेऊन पायी फिरायचा बेत मात्र करू नका, दमट उकाड्याने माणूस गळून जातो.

आणखी एक: क्रूझची मोठी जहाजं सुटायच्या दिवशी बंदराजवळचा हार्बरसाइड रस्ता तुंबतो. बंदराचं वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवा.

३. रस्त्यांची नावं समजून घ्या

पूल ओलांडला की आय-४५ चाच ब्रॉडवे होतो. आकड्यांचे रस्ते बेटाला आडवे जातात, पूर्वेकडून पश्चिमेकडे आकडे वाढतात. त्यांना छेदणारे अ‍ॅव्हेन्यू इंग्रजी मुळाक्षरांचे आहेत; खाडीकडून सुरुवात होते. ब्रॉडवे म्हणजे अ‍ॅव्हेन्यू जे, त्याच्या आधीचा सीली म्हणजे आय, बॉल म्हणजे एच. दक्षिणेकडे ‘साडे’ अ‍ॅव्हेन्यूही आहेत, एम आणि एनच्या मध्ये एम-अर्धा. फोनवरचा नकाशा तिथे कधीकधी गोंधळतो, म्हणून पत्ता टाकताना अर्धा धरून टाका.

पहिल्या भेटीत ईस्ट एंड ही वस्ती घ्या. साधारण अकराव्या ते एकोणिसाव्या रस्त्यापर्यंत, ब्रॉडवेच्या उत्तरेला. १३ नोव्हेंबर १८८५ च्या आगीत या भागातले चाळीसच्या आसपास ब्लॉक जळाले होते, त्यामुळे इथली पुष्कळ घरं आगीनंतर आणि १९०० च्या वादळाआधी, अशा पंधरा वर्षांत उभी राहिलेली आहेत. गाडी एखाद्या आतल्या रस्त्यावर लावा. लावण्याआधी पाटी वाचा, कारण काही ठिकाणी फक्त रहिवाशांना परवानगी असते. समुद्राच्या भिंतीवरच्या पार्किंगला पैसे पडतात, आणि तिथून ही वस्ती लांबही पडते. स्ट्रँडकडून रुळांवरची ट्रॉली मिळते. आयकच्या पाण्यात ती बुडाली होती, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. लहान मुलं सोबत असतील तर तिच्यात जरूर बसा.

४. आता घरासमोर उभे राहा

फुटपाथवर उभं राहून आधी पायऱ्या मोजा. ज्या घराला दहा-बारा पायऱ्या आहेत, ते उचललेलं किंवा मुळातच उंच खांबांवर बांधलेलं. खांबांमधल्या मोकळ्या जागेला बहुतेक लाकडी जाळी लावलेली असते. पाणी आलं तर वाट मिळावी आणि एरवी हवा खेळावी म्हणून. शेजारचं घर दोनच पायऱ्यांचं असेल, तर त्याचा खालचा भाग जमिनीत गाडला गेला असण्याची शक्यता असते.

हे सगळ्यात स्पष्ट कुठे दिसतं, तर ब्रॉडवेवरच्या अ‍ॅश्टन व्हिलाच्या कुंपणात. हे विटांचं घर १८५९ चं आहे. विटांचं एवढं मोठं घर उचललं नाही. तळघरात वाळू भरली आणि अंगणातही भर घातली. कुंपण बिडाचं, नक्षीदार आणि मुळात चांगलं उंच होतं. आता त्याचा वरचा भागच जमिनीबाहेर आहे, गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसासारखा. कुंपणाची नक्षी जमिनीशी मध्येच तुटते, तिथे वाकून बघा. भर किती घातली हे कुठल्याही माहितीफलकापेक्षा तिथे लवकर कळतं. हे घर गुलामांच्या श्रमातून उभं राहिलं, हेही मुलांना सांगा. आणि मग तिथून स्ट्रँड आणि बाविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर न्या. १९ जून १८६५ ला जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी टेक्सासमधले गुलाम मुक्त असल्याचा तिसऱ्या क्रमांकाचा हुकूम काढला, तेव्हा त्यांचं ठाणं या कोपऱ्यावरच्या ऑस्टरमन इमारतीत होतं. इमारत आता नाही, पण शेजारच्या भिंतीवर २०२१ मध्ये रंगवलेलं मोठं चित्र आहे. आपण १९ जूनला सुट्टी घेतो ती जूनटीन्थ इथली.

पुढे दाराजवळची पाटी शोधा. १९०० चं वादळ सोसून उभ्या राहिलेल्या घरांना फाउंडेशनकडून तशी पाटी मिळते आणि मालक ती अभिमानाने लावतात. स्ट्रँडवरच्या इमारतींवर वेगळ्या, छोट्या पाट्या आहेत: आयकचं पाणी इथवर आलं होतं. तिच्याशेजारी उभे राहून आपली उंची ताडून पाहा.

मग भिंती. जुन्या घरांच्या आत लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा असतो आणि त्यामागे जुन्या जंगलांतलं घट्ट रेषांचं लाकूड. अशी भिंत भिजली तर दारं-खिडक्या उघडून, पंखे लावून, सावकाश वाळवता येते. आजकालच्या घरातलं ड्रायवॉल, म्हणजे भिंतीला लावलेले जिप्समचे तक्ते, पाणी शोषून घेतं, बुरशी धरतं आणि कापून फेकावं लागतं. आयकनंतर घाईघाईने जुना गिलावा उतरवून टाकू नका, असं जाणकार लोक घरमालकांना विनवत होते. ह्यूस्टनमध्ये २०१७ च्या हार्वी वादळाच्या पुरात ज्यांनी आपल्या घराच्या भिंती चार फुटांपर्यंत कापल्या, त्यांना यातला फरक सांगावा लागणार नाही.

शेवटी वर पाहा: दोन्ही मजल्यांवरचे लांब व्हरांडे, लाकडी झडपा, कोरीव पट्ट्या. झडपा शोभेच्या आहेत की खरोखर बंद होतात, हे बिजागऱ्यांवरून ओळखा.

५. आत जाऊन पाहायची दोन घरं

एका दिवसात दोनपेक्षा जास्त घरं आतून पाहू नका. तिसऱ्या घरात शिरेपर्यंत सगळे दिवाणखाने सारखेच वाटायला लागतात.

पहिलं बिशप्स पॅलेस, ब्रॉडवे आणि चौदावा रस्ता. वॉल्टर ग्रेशम या वकिलासाठी निकोलस क्लेटन या वास्तुविशारदाने ते बांधलं. काम १८९० च्या आगेमागे काही वर्षं चाललं. सगळा दगड. १९०० च्या रात्री घर जागचं हललं नाही, आणि ग्रेशम कुटुंबाने वाचलेल्या शेकडो लोकांना आत घेतलं. १९२३ मध्ये कॅथलिक चर्चने ते बिशपच्या निवासासाठी विकत घेतलं, त्यावरून हे नाव पडलं. २०१३ पासून फाउंडेशनकडे आहे. आत महोगनीचा अष्टकोनी जिना आहे. त्याखाली थोडा वेळ उभे राहा, रंगीत काचांतून येणारा उजेड लाकडावर पडतो. ज्येष्ठांसाठी सांगायला हवं: बाहेरच्या पायऱ्याही बऱ्याच आहेत. गुडघे दुखत असतील तर आधी फोन करून सोय विचारा.

दुसरं मूडी मॅन्शन, ब्रॉडवेवरच, सव्विसाव्या रस्त्याजवळ. १८९५ चं घर, १९०० च्या वादळानंतर मूडी कुटुंबाने विकत घेतलं. १९८३ च्या अलिशिया वादळात घराचं नुकसान झालं, मोठी दुरुस्ती झाली आणि १९९१ पासून ते संग्रहालय आहे. बिशप्स पॅलेस भव्य आहे. मूडी मॅन्शनमध्ये मात्र माणसं राहत होती असं वाटतं. एकच घर पाहायचं असेल तर मी हे सुचवेन.

नवख्यांची इथे हमखास एक गफलत होते: मूडी मॅन्शन वेगळं आणि मूडी गार्डन्स वेगळं. काचेचे पिरॅमिड, मत्स्यालय आणि आत वर्षावन असलेलं मूडी गार्डन्स मुलांना आवडेल, पण ती जुनी बाग नव्हे आणि ती शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे.

६. बागा: कण्हेर आणि ओक

मूडी मॅन्शनच्या मागेच, सीली अ‍ॅव्हेन्यूवर, बेटी हेड ओलिअँडर गार्डन पार्क आहे. ओलिअँडर म्हणजे आपली कण्हेर. गॅल्व्हस्टनला कण्हेरीचं शहर म्हणतात. १८४१ मध्ये जोसेफ ऑस्टरमन या व्यापाऱ्याने जमैकाहून तिची रोपं आणली. वर ज्या इमारतीचा उल्लेख आला ती त्यांच्याच नावाची. जमीन उंच केल्यावर सगळं शहर वाळूचं उघडंबोडकं मैदान झालं होतं. तेव्हा शहरातल्या स्त्रियांच्या विमेन्स हेल्थ प्रोटेक्टिव्ह असोसिएशनने रस्तोरस्ती कण्हेर, ताड आणि ओक लावले. कण्हेर निवडण्यात शहाणपण होतं: खारा वारा, रेताड माती, पाण्याची ओढ, काहीही सोसते. गुलाबी, पांढरी, पिवळसर, लाल, दुहेरी पाकळ्यांची, अशा कितीतरी जाती इथे नावाच्या पाट्यांसह एकत्र दिसतात. एप्रिलच्या अखेरीस आणि मे महिन्यात बहर जोरात असतो, म्हणजे होम्स टूरच्या सुमारास. मुलांना फूल तोडू देऊ नका, पान चावू देऊ नका. झाड सगळंच विषारी आहे, हे आजीला सांगावं लागत नाही, नातवंडांना सांगावं लागतं.

ओकची गोष्ट वेगळी. जमीन उंच केल्यानंतर लावलेले लाइव्ह ओक शंभर वर्षांत ब्रॉडवेवर कमान करून उभे होते. आयकच्या खाऱ्या पाण्याने ते जागच्या जागी वाळले. ज्यांची कोकणातली सुपारीची वाडी ३ जून २०२० ला निसर्ग वादळात श्रीवर्धनला किंवा दापोलीकडे आडवी झाली, त्यांना ही हळहळ कळेल. झाड पुन्हा लावता येतं, पण ते धरायला लागणारी वर्षं परत मिळत नाहीत.

तोडायचे ओक काही घरमालकांनी पूर्ण तोडले नाहीत. अंगणात बुंधा उंच ठेवून कलाकारांकडून त्यातून शिल्पं कोरून घेतली: बगळे, पेलिकन, देवदूत, डॉल्फिन, कुत्रा. बहुतेक ईस्ट एंडमध्येच आहेत; पर्यटन केंद्रात आणि इंटरनेटवर त्यांचा नकाशा मिळतो. शिल्पं खासगी अंगणात आहेत, त्यामुळे फाटक उघडून आत जाऊ नका, फुटपाथवरूनच पाहा. लाकूड उघड्यावर कुजतं, काही शिल्पं आजवर पडलीही आहेत. तेव्हा जाल तेव्हा जवळ जाऊन नीट पाहा: करवतीचे व्रण, तेल लावून काळसर झालेलं लाकूड आणि खाली मूळ बुंध्याची साल. शेजारी कोवळा ओक लावलेला दिसेल. आयकनंतर स्थापन झालेली गॅल्व्हस्टन आयलंड ट्री कन्झर्व्हन्सी अशी लागवड करते.

७. दुसऱ्याच्या घरात वावरताना

होम्स टूरमध्ये तुम्ही कुणाच्या तरी राहत्या घरात शिरता. उंबऱ्याशी आपला हात सवयीने चपलांकडे जातो. इथे बूट काढायला सांगतीलच असं नाही, कधी बुटांवर चढवायची पिशवी देतात. दारावरचा स्वयंसेवक सांगेल तसं करा. टाचांचे बूट घालू नका, जुन्या पाइनच्या फरशीवर खड्डे पडतात. बहुतेक घरांत आत फोटो काढायला मनाई असते आणि बाबागाडी, मोठी पिशवी बाहेर ठेवावी लागते. बाहेरून फोटो काढायला हरकत नाही.

प्रश्न मात्र भरपूर विचारा. “हे घर केवढ्याला पडलं?” हा आपला आवडता प्रश्न जरा आवरा, आणि त्याऐवजी विचारा: पाणी कुठवर आलं होतं? पहिल्यांदा काय दुरुस्त केलंत? ही खिडकी मूळची की नंतरची? विमा काय म्हणाला? घरमालक स्वतः हजर असतील तर या प्रश्नांवर ते खुलतात. किती वर्षं एकेक खोली खरवडली, कुठल्या पडलेल्या घरातून दारं मिळवली, हे सांगताना ते थांबत नाहीत.

८. नुकतंच वादळ होऊन गेलं असेल तर

पहिल्या काही आठवड्यांत बघ्यांची गर्दी नको. शहर पाहुण्यांसाठी उघडल्याची घोषणा होईपर्यंत थांबा. घोषणा झाली की मात्र जा, कारण हॉटेल, खाणावळी आणि संग्रहालयं तिकिटांच्या पैशावरच उभी राहतात. घराबाहेर भिजलेल्या गाद्या आणि लाकडाचे ढीग दिसतील. त्यांचे फोटो काढत बसू नका, त्यात कुणाचा तरी संसार आहे. रस्त्यावर खिळे असतात, म्हणून जाड तळाचे बूट घाला आणि गाडीचं जादा चाक तपासून निघा. दमा असलेल्यांनी बंद, ओलसर घरात जाऊ नये; बुरशीचा त्रास पटकन होतो. जुनं दार किंवा कोरीव तुकडा ढिगात दिसला तरी उचलू नका, मालक ते परत लावण्यासाठी वाळवत असू शकतो.

मदत करायची असेल तर होम्स टूरसाठी फाउंडेशनला दर वर्षी स्वयंसेवक लागतात: दारावर तिकीट पाहायला, खोलीत उभं राहून माहिती सांगायला. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही, त्या घराची टिपणं मिळतात. ह्यूस्टनहून चार-सहा जणांनी मिळून एक शनिवार दिला तर चांगलं. नाव वसंत ऋतूच्या सुरुवातीला, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत त्यांच्या संकेतस्थळावर नोंदवा, आणि सोबत आलेल्या पाहुण्यांची तिकिटं त्याच वेळी काढून ठेवा.